सापळ्यातला पतंग कोणता? लष्करी अळ्यांच्या पतंगांची ओळख



आपल्या नाशिक जिल्ह्यात पावसाचे दोन टोकाचे मुलूख आहेत. तिकडे इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात येवला-नांदगावकडे पाचशे मिलिमीटरला सुद्धा आभाळाकडे बघत बसावे लागते. येवला, नांदगाव, मालेगाव, चांदवड आणि सिन्नरची पूर्व बाजू हा सगळा अवर्षणाचा पट्टा. पूर्वी इथे खरिपात बाजरीचे राज्य होते. आता बाजरीची बरीच जागा मक्याने घेतली आहे. मका आला, त्याला बाजार मिळाला, जनावरांना वैरण मिळाली, आणि त्याच्यामागोमाग एक पाहुणी सुद्धा आली. तिचे नाव अमेरिकन लष्करी अळी.

आज मी अळीबद्दल थोडे आणि तिच्या पतंगाबद्दल जास्त बोलणार आहे. कारण असे की अळी दिसते तेव्हा निम्मे नुकसान होऊन गेलेले असते. पतंग त्याच्या आठ-दहा दिवस आधी रानात येतो. तो ओळखता आला तर हातात वेळ राहतो. पण ओळखला पाहिजे! मक्यात कामगंध सापळा लावणारे शेतकरी आता पुष्कळ झाले आहेत. सापळ्याच्या पिशवीत सकाळी पाच-सात करडे पतंग दिसले की काहीजण लगेच पंप पाठीवर घेतात. आणि काहीजण "हे तर नेहमीचेच पाखरू" म्हणून पिशवी झटकून टाकतात. पहिल्याचे पैसे वाया जातात आणि मित्रकीटक मरतात. दुसऱ्याचा पोंगा जातो. दोघांचीही अडचण एकच, पिशवीत नेमके कोण आहे ते ठाऊक नाही.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. लष्करी अळी हे नाव आपल्याकडे जुने आहे. ज्वारी, बाजरी, भात यांच्यावर झुंडीने येणारी, एक शेत संपवून दुसऱ्या शेताकडे फौजेसारखी चालत जाणारी अळी, ती आपली मूळची लष्करी अळी. शास्त्रात तिला मिथिम्ना सेपरॅटा म्हणतात. मक्यावर आलेली नवी अळी वेगळी, तिचे नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. ती अमेरिका खंडातली. १७९७ साली तिला शास्त्रीय नाव मिळाले, म्हणजे तिकडे ती फार जुनी. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत आढळली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात मक्यावर सापडली. भारतातली तिची ती पहिली नोंद. त्याच वर्षी ती आपल्या महाराष्ट्रात सोलापूरकडे दिसली आणि पुढच्या हंगामात राज्यभर पसरली. तिसरी आहे स्पोडोप्टेरा लिट्युरा, हिला आपण तंबाखूवरील पाने खाणारी अळी म्हणतो. सोयाबीन, भुईमूग, एरंडी, कोबी आणि द्राक्षाच्या पानांवर ती आपल्या ओळखीची आहे. चौथी हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हरभऱ्यात तिला घाटेअळी, कपाशीत हिरवी बोंडअळी आणि टोमॅटोत फळ पोखरणारी अळी म्हणतात. नावे तीन, कीड एकच. आणि याच्या उलट, लष्करी अळी हे नाव एक आणि किडी दोन. म्हणून म्हणतो, नावावर जाऊ नका, पंखावर जा.

जुनी माहितीपत्रके ज्यांनी जपून ठेवली असतील त्यांना आणखी एक अडचण येईल. घाटेअळीला त्यात हेलिओथिस म्हटले आहे, लिट्युराला कुठे कुठे प्रोडेनिया. जुनी लष्करी अळी सिर्फिस नावाने भेटेल. कीड बदललेली नाही, शास्त्रज्ञांनी वर्गवारी नव्याने लावली म्हणून नावे बदलली. हेलिकोव्हर्पा हा वेगळा गट १९६५ साली मांडला गेला. आपल्या देशातल्या पतंगांवर मोठे शास्त्रीय काम जॉर्ज हॅम्पसन या इंग्रज माणसाने केले. तो निलगिरीत चहाचा मळेवाला होता. १८९२ ते १८९६ या काळात त्याचे चार खंड निघाले. चहाच्या मळ्यात राहून दिव्यावर येणारे पतंग गोळा करणाऱ्या माणसाचे हे काम आजही कीटकशास्त्रज्ञ उघडून बघतात. सांगायचे इतकेच की पतंग ओळखायला आरंभी लागतो तो दिवा आणि धीर.

हे चारही पतंग एकाच मोठ्या कुळातले. त्याला नॉक्ट्युइडी म्हणतात, म्हणजे रात्रीचे पतंग. सगळे करड्या-तपकिरी रंगाचे, अंगाने जाडसर, बसताना पंख घराच्या पाख्यासारखे पाठीवर उतरते ठेवणारे. फुलपाखरू पंख मिटून उभे धरते आणि त्याच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या नाहीतर कंगव्यासारख्या असतात. इतका फरक पोरासोरांना सुद्धा सांगून ठेवावा. सटाणा, देवळ्याकडे डाळिंबात जी फळ पोखरणारी सुरसा अळी आहे, तिचे मात्र फुलपाखरू होते, पतंग नाही. म्हणून दिव्याच्या सापळ्यात ते शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता पिशवी उघडू. सकाळी उन्हे चढायच्या आत उघडावी, म्हणजे पतंग सुस्त असतात आणि धडपडून पंखावरचा भुगा घालवत नाहीत. पतंगाच्या पंखावर जो चिमटीला लागतो तो भुगा म्हणजे बारीक खवले असतात आणि सगळी नक्षी त्या खवल्यांचीच असते. खवले गेले की पंख पारदर्शक कागदासारखा उरतो आणि मग मी काय, विद्यापीठातले शास्त्रज्ञ सुद्धा नुसत्या डोळ्यांनी सांगू शकणार नाहीत. तीन-चार दिवस सापळ्यात तडफडलेला पतंग ओळखीच्या कामाचा नाही. म्हणून पिशवी रोज रिकामी करावी.

पतंग पांढऱ्या कागदावर पालथा ठेवा. दोन काड्यांनी किंवा टाचण्यांनी पुढचे पंख हळूच बाजूला सारा. बहुतेकजण पुढचा पंख बघतात, कारण तोच समोर दिसतो. माझे सांगणे असे की आधी मागचा पंख बघा. पुढचा पंख नटवा असतो, एकाच जातीत त्याची रंगछटा फिकी-गडद होते, नराची वेगळी, मादीची वेगळी. मागचा पंख तसा फसवत नाही.

मागचा पंख मोत्यासारखा पांढरा, चकचकीत, कडेला फक्त एक बारीक काळपट रेघ असेल तर तो स्पोडोप्टेरा गटातला. मागच्या पंखाच्या बाहेरच्या कडेला बोटभर रुंद दिसावा तसा काळा पट्टा आणि त्या पट्ट्यात फिकट डाग असेल तर ती घाटेअळीची हेलिकोव्हर्पा. बोटभर म्हणजे आपल्या बोटाइतका नव्हे हो, त्या इवल्या पंखाच्या मानाने रुंद. आणि मागचा पंख मळकट, करडा, शिरा गडद दिसणारा आणि कडेकडे काळवंडत गेलेला असेल तर ती आपली जुनी लष्करी, मिथिम्ना. एवढ्या एका खुणेने दहातले आठ पतंग आपापल्या ढिगात पडतात.

उरलेल्या दोनांसाठी पुढचा पंख. आता अमेरिकन लष्करी अळीच्या नराकडे नीट बघू, कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे. कामगंध सापळ्यात फक्त नर येतात, हे आधी लक्षात घ्यावे. सापळ्यातल्या ल्युरला मादीचा वास दिलेला असतो. त्यामुळे पिशवीत जे येईल ते नराच्याच खुणांनी ओळखायचे. या नराचा पुढचा पंख करडा-तपकिरी, आणि पंखाच्या अगदी टोकाला, जिथे पंखाचा कोपरा होतो तिथे, एक ठळक पांढुरका डाग. पंखाच्या मध्याजवळ दुसरी फिकट पिवळसर खूण, ती तिरकी आणि लांबोडी. टोकाचा पांढरा डाग आणि मधला तिरका फिकट पट्टा, या दोन खुणा एकत्र दिसल्या म्हणजे तो अमेरिकन लष्करीचाच नर. पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वातीन ते चार सेंटीमीटर. मादी मात्र साधी. तिच्या पंखावर टोकाचा डाग नाही, सगळा रंग एकसारखा करडा, खुणा धूसर. ती दिव्याच्या सापळ्यात येते. ताजी नसेल तर तिच्यावरून निर्णय घेऊ नये.

तंबाखूवरील अळीचा पतंग, म्हणजे लिट्युरा, हा तिचा चुलत भाऊ. मागचा पंख तसाच पांढरा. पण पुढच्या पंखावर फिकट रेघांचे जाळे असते, एकीवर एक तिरक्या गेलेल्या, जणू कोणी कुंचल्याने गिरवले आहे. नराच्या पंखाच्या टोकाकडे निळसर-करडी झाक दिसते, पांढरा डाग नव्हे. ज्याने सोयाबीनमध्ये सापळा लावला आहे त्याने हा पतंग हमखास पाहिलेला असतो आणि मग मक्यातही त्याला तोच दिसतो. डोळ्याला सवय लागते, दुसरे काय.

कांदा पिकवणाऱ्यांनी याच गटातला तिसरा भाऊ ओळखून ठेवावा. स्पोडोप्टेरा एक्झिग्वा. कांद्याच्या पातीत शिरणारी हिरवी अळी त्याची. हा पतंग या सगळ्यात लहान, पंख पसरून अडीच-तीन सेंटीमीटर. मागचा पंख पांढरा, जवळजवळ आरपार दिसणारा. पुढच्या पंखाच्या मध्यावर एक गोल ठिपका, त्यात नारिंगी छटा. तो ठिपका दिसला की झाले.

मिथिम्नाचा पुढचा पंख वाळल्या गवताच्या किंवा कडब्याच्या रंगाचा, कधी तांबूस. मध्यावर टाचणीच्या डोक्याएवढा एकच पांढरा ठिपका. आणि पंखाच्या टोकापासून आत तिरकी जाणारी एक काळसर रेघ. हा पतंग महत्त्वाचा अशासाठी की अमेरिकन लष्करीच्या ल्युरवर मिथिम्ना आणि त्याच्या जवळच्या गटातले पतंग चुकून येतात, हे अनेक देशांत नोंदले गेले आहे. वासाचे घटक एकमेकांशी मिळतेजुळते असतात, म्हणून ही फसगत होते. मिथिम्नाच्या एका भावंडाचा, लोरेयीचा, मागचा पंख पांढरा असतो. म्हणजे मघाशी सांगितलेली मागच्या पंखाची खूण तिथे दगा देईल. पण त्याच्या पुढच्या पंखाचा रंग गवती आणि टोकाला पांढरा डाग नाही, यावरून तो वेगळा काढता येतो. म्हणूनच एका खुणेवर थांबू नये, दोन खुणा जुळल्या की मगच पतंगाची गणती करावी.

हेलिकोव्हर्पा ओळखायला सगळ्यात सोपी. अंगाने ठोसर. नर हिरवट-राखाडी, मादी पिवळट-विटकरी. पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा काळसर डाग आणि बाहेरच्या कडेने बारीक ठिपक्यांची ओळ. मागच्या पंखाचा काळा पट्टा मघाशी सांगितला. येवला-मालेगावात मका, कपाशी, टोमॅटो आणि पुढे हरभरा एकमेकांच्या बांधाला असतात, त्यामुळे हा पतंग दिव्यावर बाराही महिने भेटतो. मक्यात तो आला तरी त्याची अळी बहुतेक कणसाच्या केसरावर आणि कणसाच्या शेंड्यावर जाते, पोंग्यात ठाण मांडून बसत नाही.

आता इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. लिट्युराचे ल्युर वेगळे, फ्रुजिपर्डाचे वेगळे. दोन्ही स्पोडोप्टेरा. दुकानात "स्पोडोप्टेराचे ल्युर द्या" असे म्हटले तर हाती कोणते पडेल याचा नेम नाही. असे घडलेले मी पाहिले आहे. मक्याच्या शेतात सापळे लावले, पंधरा दिवस रोज पतंग मोजले, सगळे लिट्युरा. आणि तिकडे पोंगे कुरतडलेले. सापळ्याचा दोष नव्हता, ल्युर सोयाबीनचे होते. तेव्हा पाकिटावर "फ्रुजिपर्डा" किंवा "अमेरिकन लष्करी अळी" असे छापलेले आहे का ते वाचून घ्यावे, बांधणीची आणि मुदतीची तारीख बघावी. आणून ठेवलेले ल्युर उन्हात, टपरीच्या पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. एका सापळ्याचे ल्युर हाताळलेल्या बोटांनी दुसऱ्या किडीचे ल्युर बसवू नये, वास मिसळतो. पाकिटावर जितके दिवस सांगितले असतील तितक्या दिवसांनी ल्युर बदलावे. नुसते लटकत ठेवून उपयोग नाही.

टेहळणीसाठी एकरी पाच सापळे पुरतात. मका उगवला की लगेच लावावेत, पोंगे खाल्लेले दिसल्यावर नव्हे. सापळा पिकाच्या शेंड्याच्या फूट-दीड फूट वर राहील असा बांधावा आणि मका वाढेल तसा वर सरकवत जावा. इथेच बरेचजण कंटाळा करतात. महिनाभराने सापळा मक्यात बुडून जातो आणि मग म्हणतात, पतंग येत नाहीत.

सापळ्यात एका रात्रीत सरासरी तीन नर येऊ लागले की सावध व्हावे. मात्र पतंग आले म्हणजे फवारणी, असे गणित मांडू नका. हा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडत जाऊ शकतो. तुमच्या सापळ्यात आलेला नर नांदगावचा असेल किंवा खानदेशातून वाऱ्याबरोबर आलेला असेल, मादीने अंडी तुमच्याच शेतात घातली असतील असे नाही. त्यामुळे शेजाऱ्याने फवारले नाही म्हणून माझ्याकडे आली, हे भांडणही निरर्थक. पतंग वाढले की शेतात शिरायचे आणि झाडे बघायची. शेताच्या कडेच्या चार-पाच ओळी सोडून आत जा, नागमोडी चाला, पाच जागी थांबा आणि प्रत्येक जागी लागोपाठ वीस झाडे बघा. शंभर झाडे झाली. त्यातली जितकी लागलेली तितके टक्के, हिशोब करायला कागद नको. रोपावस्थेपासून पोंगा भरेपर्यंतच्या पहिल्या महिन्यात शंभरात पाच झाडे लागलेली दिसली तर उपाय सुरू करावेत. पुढे पोंगा मोठा झाल्यावर दहा झाडांपर्यंत थांबता येते.

पाहायचे काय? अंडी आणि अळीची खूण. अंड्यांवरूनही वर्गवारी होते, आणि ती पतंगापेक्षा सोपी आहे. अमेरिकन लष्करीची मादी शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका पानावर घालते आणि त्यावर स्वतःच्या अंगाचा करडा कापूस पसरते. एक मादी आयुष्यात हजार ते दीड हजार अंडी घालते, तेव्हा एक पुंजका चुरडला तर किती मोठे काम होते ते तुम्हीच बघा. लिट्युराचाही पुंजका असाच कापसाने झाकलेला, पण तो तपकिरी-पिवळसर आणि बहुधा एरंडी, सोयाबीन अशा रुंद पानाच्या मागच्या बाजूला. हेलिकोव्हर्पा अंडी एकेकटी घालते, खसखशीच्या दाण्यासारखी. मिथिम्ना मात्र लपवते. पान आणि खोड यांच्यामधल्या खोबणीत किंवा वाळल्या पानाच्या घडीत ओळीने अंडी घालते, त्यामुळे ती सहसा दिसतच नाहीत.

अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. अमेरिकन लष्करीच्या बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात आणि पानावर पांढऱ्या पापुद्र्याच्या खिडक्या पडतात. नंतर त्या पोंग्यात शिरतात. पान उलगडले की एका रांगेत आडवी भोके दिसतात आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा. मोठ्या अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे लिहावे तशी पांढरी खूण असते. पण नुसत्या या वाय वर जाऊ नका, तशी फिकी खूण या कुळातल्या इतर अळ्यांनाही असते. शेपटाकडून दुसऱ्या वळ्यावर चार काळे ठिपके चौकोनात बघा, जणू चौपटाच्या चार सोंगट्या मांडल्यात. ते चार ठिपके आणि वाय मिळून ओळख पक्की. लिट्युराच्या अळीच्या पाठीवर पुढच्या आणि मागच्या वळ्यांवर त्रिकोणी काळे डाग असतात. मिथिम्नाच्या अंगावर लांब उभे पट्टे. ती दिवसा पोंग्यात किंवा जमिनीच्या भेगेत दडते आणि रात्री पान कडेने खात जाते, मधली शीर तेवढी शिल्लक ठेवते.

पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या अळ्यांवर पाच टक्के निंबोळी अर्क चालतो. अळी मोठी होऊन पोंग्यात विष्ठेचा बोळा घालून बसली की वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तर पतंगाची ओळख हवी, म्हणजे अळी लहान असतानाच गाठता येते. थोडी झाडे लागलेली असतील तर पोंग्यात चिमूट-चिमूट बारीक वाळू टाकण्याचा उपाय घरच्या घरी होतो. नऊ भाग वाळूत एक भाग चुना मिसळून ती पोंग्यात टाकतात. रासायनिक औषधाची वेळ आलीच तर लेबलवर मका आणि ही कीड लिहिलेली असेल तेच घ्यावे, मात्रा लेबलप्रमाणे ठेवावी आणि वैरणीसाठी मका कापायचा असेल तर फवारणीनंतर किती दिवस थांबायचे तेही तिथेच वाचावे. चाऱ्याचा मका जनावराच्या पोटात जातो, ते विसरू नये.

या कोरड्या पट्ट्यात दिव्याचा सापळा लावणाऱ्यांना आणखी काही पाहुणे भेटतील. संध्याकाळी सात ते रात्री दहा एवढाच वेळ दिवा लावावा, नंतर विझवावा, कारण उत्तररात्री मित्रकीटकही पुष्कळ येऊन मरतात. पहिला दमदार पाऊस झाला की चार-आठ दिवसांत पांढऱ्या पंखांचे पतंग एकदम दिव्यावर झेपावतात. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला पिवळी किंवा तांबडी पट्टी आणि मागच्या पंखावर काळे ठिपके. हे केसाळ अळीचे पतंग. यांचे कोष उन्हाळाभर बांधात, झाडाखाली, मातीत निपचित पडून असतात आणि पावसाच्या ओलीने जागे होतात. कोरड्या मुलखातल्या कीटकाची ही युक्ती, पाऊस येईल तेव्हाच जन्म घ्यायचा. यांचा मक्याच्या लष्करीशी काही संबंध नाही, मात्र भुईमूग, बाजरी, कडधान्याच्या रोपांना त्यांच्या अळ्यांचा उपद्रव होतो. ज्या आठवड्यात हे पतंग उठतात त्याच आठवड्यात दिवा लावून ते गोळा केले तर पुढचे बरेच काम हलके होते.

डाळिंबवाल्यांना ठाऊक असलेला एक मोठा पतंग आहे. त्याला या सगळ्यांमधून वेगळा काढावा लागेल. वाळल्या पानासारखे पुढचे पंख, आणि पंख उघडले की मागे भगव्या रंगाचा झगझगीत पंख, त्यावर काळी नक्षी. पसरलेले पंख आठ-दहा सेंटीमीटर. हा फळातला रस शोषणारा पतंग, युडोसिमा. यात अळी पिकाला काही करत नाही, ती गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते. नुकसान करतो तो पतंग स्वतः. त्याची सोंड टोकदार असते, रात्री ती पिकत्या फळात खुपसून रस घेतो आणि त्या टाचणीएवढ्या भोकातून पुढे फळ सडते. यावर अळीनाशक फवारून काही हाशील नाही. बागेच्या कुंपणावरच्या त्या वेली काढाव्यात, पडलेली फळे पुरावीत, अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन पतंग वेचावेत, संध्याकाळी धूर करावा, आणि जमेल तिथे फळांना पिशव्या घालाव्यात. एक कीड ओळखली की औषधाचा एक अख्खा खर्च वाचतो, तो असा.

शंका राहिलीच तर अळी पाळून बघा. पोंग्यातली एक अळी काढून काचेच्या बरणीत ठेवा, तळाशी दोन बोटे ओलसर माती, वर मक्याची कोवळी पाने, तोंडाला पातळ फडके बांधलेले. एका बरणीत एकच अळी, कारण ही जात एकमेकींना खाते. पान रोज बदलावे, विष्ठा काढावी. अळी मोठी झाली की मातीत शिरून कोष करते आणि उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांनी पतंग बाहेर येतो, अगदी कोरा, एकही खवला न गेलेला. त्याच्याशी सापळ्यातले पतंग ताडून बघा. शाळेतल्या मुलांना हे काम द्यावे, ती आपल्यापेक्षा बारकाईने बघतात. कधी कधी पतंगाऐवजी बरणीत छोटी गांधीलमाशीसारखी माशी निघेल किंवा अळी पांढरी-हिरवट होऊन, बुरशी धरून वाळून जाईल. पहिली परोपजीवी माशी, दुसरी मेटारायझियम बुरशी. दोन्ही आपल्या बाजूच्या. पावसाळी ढगाळ हवेत अशा बुरशीने मेलेल्या अळ्या शेतात ठिकठिकाणी पानांना चिकटलेल्या दिसल्या तर फवारणीची घाई करू नये.

पतंग कोणाला दाखवायचा असेल तर तो कापसात गुंडाळू नये, कापसाला खवले चिकटतात. ओल्या पिशवीत घालू नये, कुजतो. वहीच्या कागदाची त्रिकोणी पुडी करावी, त्यात एकच पतंग ठेवावा आणि पुडी काडेपेटीत ठेवावी म्हणजे चेंगरत नाही. पुडीवर गाव, तारीख, पीक, सापळा कोणता आणि ल्युर कोणते हे शिसपेन्सिलीने लिहावे. ही माहिती नसेल तर पुडीचे निम्मे मोल गेले. कृषी खात्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांना, मालेगाव किंवा नाशिकच्या कृषी विज्ञान केंद्रात, निफाडच्या कृषी संशोधन केंद्रात अथवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात ती दाखवता येईल. पंखाच्या खुणा पुसल्या असल्या तर तिथले शास्त्रज्ञ पतंगाच्या पोटाच्या टोकातले जननेंद्रियांचे कठीण भाग भिंगाखाली बघून जात ठरवतात. आता काड्यापेटीत दोन पुड्या मावतात, तेव्हा जमल्यास नर आणि मादी दोन्ही पाठवावेत, आणि मादी हवी असेल तर ती दिव्यावरून धरावी लागेल, ल्युरवर ती येणार नाही.